तो प्यायलेला नव्हता

माझ्या मित्रावर अन्याय झाला. कधी, तर गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या रविवारी, दुपारी, ओहोटी लागल्यावर. समुद्रानं त्याला जवळजवळ नेलंच होतं, पण समुद्राबद्दल माझी तक्रार नाही. कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात तो कुशीला पडून खारं पाणी ओकत होता, त्याच वेळी इकडे घनसावंगी तालुक्यात त्याच्या स्वतःच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा व्हिडिओ येऊन पडला. खाली लिहिलेलं होतं, 'बघा माळकऱ्याचे धंदे. पिऊन बुडाला.' माझी तक्रार या ओळीबद्दल आहे.

तो प्यायलेला नव्हता.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. लिहायची आणि चौकात उभं राहून वाटायचीही. पहिल्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर लोक त्या कागदावर भजी खातात हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दा वरच लिहून मोकळा झालो. आता कसं झालं ते सांगतो. सगळं सांगतो, कारण अर्धवट बघून अर्धवट सांगणाऱ्यांनीच हे करून ठेवलंय.

आम्ही तिघं. जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचे. एकजण नवीन जालन्यातला, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्याच्या आजोबांचा जन्मसुद्धा जालन्याचाच. त्याला आम्ही शेठ म्हणतो. दुसरा गोदावरीच्या अंगाच्या एका गावातला, घरी ऊस आणि कापूस, गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. गावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज तोच वाजवायचा. कीर्तनकार बाहेरून येत, बदलत, पण त्यांच्या मागचा पखवाज बदलत नव्हता. तो महाराज. मी भाषणं ठोकतो म्हणून पुढारी. खरी नावं लिहीत नाही. त्याचं नाव आधीच भरपूर फिरलंय.

माळेचं ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. माळ घातली की मांस, मासळी आणि दारू बंद. ती गळ्यातून काढायची नाही, झोपताना नाही की आंघोळीला नाही. धागा तुटला तर माळ पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. आणि माळकऱ्याचा गळा मोकळा दिसला की आमच्याकडे गाव एकच अर्थ काढतं. याला काहीतरी खायचं-प्यायचं होतं, म्हणून काढून ठेवली.

समुद्र बघायला जायचं हे कॉलेजातच ठरलं होतं. तेव्हा गाडी नव्हती. मग शेठनं एक जुनी गाडी घेतली, सोयाबीन निघून गेलं, कापसाची एक वेचणी झाली, उसाला तोड यायला अवकाश होता, आणि मला त्या आठवड्यात कुठला मोर्चा नव्हता. असं सगळं जुळायला सहा-सात वर्षं गेली. महाराजानं समुद्र पाहिलेला नव्हता. गोदावरी सोडली तर त्याच्या डोळ्यांनी दुसरं मोठं पाणी बघितलेलंच नव्हतं.

निघायच्या सकाळी त्याच्या आईनं दशम्यांचं गाठोडं आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा गाडीत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"पुढारी, तुमी मासळी खाता ते माहीतंय मला. खा. पर ह्याच्या ताटाजवळ न्हाई."

"बिलकुल न्हाई, मावशी."

"आन् पाण्यात लई आत जाऊ नका."

"मावशी, तुमचा पोरगा मासा हाय," शेठ म्हणाला. "मासा बुडत असतो का?"

"मासा हाय म्हणूनच सांगून राह्यले. तिकडं मासे खात्यात."

आम्ही हसलो. महाराज सगळ्यात जास्त हसला.

तो खरंच पोहणारा. त्याच्या चुलत्याची विहीर आहे, दगडी बांधलेली, खोल. चुलत्यानं याच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि वरून ढकलून दिलं, तेव्हा हा दुसरीत होता. पुढं डबा सुटला. मग तो मोटेच्या थारोळ्यावरून, मोट ओतायच्या काठावरच्या दगडी हौदावरून, सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. उन्हाळ्यात मी त्याच्याकडं गेलो की पायरीवर बसून बघायचो. मला पोहता येत नाही. तो चार हात मारायचा, समोरच्या भिंतीला हात लावायचा, दगडाच्या सांदीत बोटं घालून दम घ्यायचा आणि परत फिरायचा. पखवाजही त्यानं या चुलत्याकडूनच घेतला. चुलत्याच्या बोटांना वात आला तेव्हा त्यानं वाद्य पुतण्याच्या मांडीवर ठेवलं. सप्ताहाच्या कमिटीचा अध्यक्षही तोच चुलता. हे लक्षात ठेवा.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे, एक बीच, सुरूचं बन, कडेला नारळाच्या वाड्या. एका काकूंच्या घरी दोन खोल्या घेतल्या. पिशव्या टाकल्या आणि उजेड होता तोवर पाण्यापर्यंत गेलो. महाराजानं आधी वाकून पाण्याला हात लावला, मग कपाळाला लावला, मग एक बोट तोंडात घातलं.

"आयला, खरंच खारं हाय."

"मंग काय गोड वाटलं व्हतं का?" मी म्हणालो.

"तसं न्हाई. मला वाटलं लोकं वाढवून सांगतेत."

तेवढ्यावरून शेठ रात्रीच्या जेवणापर्यंत त्याची खेचत होता. जेवताना काकूंनी मला सुरमई वाढली आणि या दोघांची ताटं आतल्या खोलीत वेगळी मांडली, न सांगता. सोबत कोकमाचं सरबत. महाराजाला ते इतकं आवडलं की त्यानं आईच्या पित्तासाठी एक बाटली मागितली. काकूंनी दाट, लालभडक सरबताची काचेची बाटली आणून ठेवली. बाटली दारूची होती. लेबल खरवडलेलं, पण काचेवर उठवलेलं नाव तसंच.

"धुऊन, उकळून घेतलेली असते हो," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे घरोघरी असंच भरतात. नव्या बाटल्या कुठून आणायच्या?"

"महाराज, चालंल का?" शेठनं डोळा मारला. "सोवळं मोडायचं."

"शेठ, आतलं बघावं," महाराज म्हणाला आणि बाटली आपल्या टॉवेलात गुंडाळली.

आता रविवार.

सकाळी आम्ही बीचवर गेलो तर पाणी चढत होतं. लाटा सुरूच्या बनाकडं येत होत्या, प्रत्येक लाट मागच्यापेक्षा वर. शेठनं फोनमध्ये बघून सांगितलं की भरती चालू आहे. मी शर्ट काढायच्या बेतात होतो.

"बसा," महाराज म्हणाला. "पाणी चढतंय तवर उतरायचं न्हाई. ओसरू दे."

"घाबरला का?"

"घाबरलो न्हाई. गोदाकाठचा हाय मी. चढत्या पाण्यात आमी गुरं पण घालत न्हाई."

आम्हाला ते बराबर वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. पूर चढताना काठावर थांबायचं, ओसरला की उतरायचं. आमच्या भागात हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. काकू त्या दिवशी शेजारच्या गावात लग्नाला गेल्या होत्या. दुसरं विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारायचं असतं हेही आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून आम्ही थांबलो. सकाळभर थांबलो. वाळूत बसून दशम्या खाल्ल्या, सरबत पाण्यात घालून प्यालो, कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला केल्या. महाराजानं मांडीवर ताल धरला आणि शेठनं त्यावर कुठल्याशा बियाण्याची जाहिरात म्हटली. तिघं एकत्र इतके हसलो तो शेवटचा दिवस, असं मला आता वाटतं. गाडी मागं सुरूत उभी होती. बाटली पिशवीवर, अर्धी झालेली.

सांगायचं हे आहे की आम्ही सावध होतो. जगात जेवढी सावधगिरी आम्हाला माहीत होती तेवढी सगळी आम्ही त्या सकाळी वापरली.

दुपारी पाणी मागं सरलं. ओली वाळू चकचकीत आणि सपाट झाली, लाटा लहान झाल्या. आमच्या हिशेबानं आता उतरायची वेळ. शेठ आणि मी गुडघ्यापर्यंत गेलो. पायाखालची वाळू मागून कुणी काढून घेतल्यासारखी सरकत होती, त्याचंही आम्हाला हसूच आलं. महाराज कंबरेपर्यंत गेला, मग त्यानं अंग टाकलं आणि हात मारायला लागला.

तो लांब गेला. एवढ्या लवकर एवढा लांब कसा, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तो परत फिरला होता. तोंड आमच्याकडं होतं, हात चालू होते, आणि तरी तो लहान लहान होत होता. विहिरीत पोहलेला माणूस दमला की भिंत शोधतो. तो मान वर काढून इकडं तिकडं बघत होता. मी त्याला इतक्या वेळा विहिरीत बघितलंय की तो काय शोधतोय ते मला काठावरून कळलं. मग त्यानं हाक मारली. "शेठ," एवढीच.

शेठ पाण्यात पळाला. मी त्याला मागून धरलं, कारण शेठलाही पोहता येत नाही. आणि मी ओरडलो. घोषणा देऊन देऊन कमावलेला गळा त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. पलीकडं ओढून ठेवलेल्या होड्यांजवळ दोघं मच्छीमार जाळं नीट करत बसले होते, त्यांनी ऐकलं. एकजण दोरी बांधलेला प्लास्टिकचा मोठा कॅन घेऊन पाण्यात शिरला, दुसऱ्यानं दोरी धरली. सरळ गेला नाही तो, तिरपा गेला. महाराजाचं डोकं खाली गेलं तेव्हा मच्छीमारानं हाताला लागलं ते धरलं. मान आणि मानेभोवतीची माळ. माळेचा दोरा तुटला. मित्र आला.

वाळूवर त्याला पालथा घातला तेव्हा तो श्वास घेत होता. मच्छीमाराच्या मुठीत अडकून आलेले माळेचे मणी तिथंच सांडले. मच्छीमार धापा टाकत माझ्यावर उखडला.

"ओहोटीत उतरलात? ओहोटीत?"

"पाणी कमी व्हायची वाट बघितली आम्ही," मी म्हणालो.

"ते कमी होत नाय. निघून जातं. मधे येईल त्याला घेऊन जातं."

मी सुरूच्या बनाकडं पळालो, गाडी जवळ आणायला. तिथं झाडाखाली एक मोठी पत्र्याची पाटी आडवी पडलेली होती, तिच्यावर कुणीतरी बांगडे सुकत घातलेले. माशांच्या मधून मला शब्द दिसले. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. पाटी आडवी का पडली होती, ती उभी करणं कुणाचं काम होतं, बीचवर एकही जीवरक्षक का नव्हता, हे प्रश्न मी त्या भागातल्या सगळ्या ऑफिसांना नंतर विचारले. उत्तर नाही. पण ती वेगळी लढाई आहे, ती मी लढतो आहे.

गाडी घेऊन आलो तेव्हा गर्दी झालेली होती. सहलीची एक बस येऊन थांबली होती. महाराज वाळूत पडलेला, शेठ त्याचे पाय चोळतोय, आणि सभोवती माणसं फोन धरून उभी. कुणी पाणी दिलं नाही. एकानं व्हिडिओ काढला, तो तुम्ही पाहिला आहे. आधी गाडीची नंबर प्लेट दिसते. मग कॅमेरा आमच्या पिशवीवर जातो, त्या बाटलीवर थांबतो. मग महाराज, डोळे अर्धवट मिटलेले, गळा मोकळा. आणि मागून आवाज येतो, "आपल्याकडची गाडी हाय रे, एमेच एकवीस, जालना हाय. पेले असतील, मंग काय." तो आवाज कोकणातला नाही. तो आपला आहे. आपला माणूस आपल्या माणसापासून दहा हातांवर उभा होता आणि त्याला 'जित्ता हाय का' असं विचारावंसं वाटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी त्याला सलाईन लावलं, छाती तपासली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेते म्हणाल्या. त्याचा फोन माझ्या खिशात होता. तो वाजला. चुलता.

"पुढारी, खरं सांग. पेला व्हता का तो?"

"काका, जित्ता हाय तो."

"ते कळलं. मी इचारतो ते सांग."

"न्हाई पेला."

"मंग बुडाला कसा? त्याला पव्हायला म्या शिकवलं."

मी भरती सांगितली, ओहोटी सांगितली. मध्येच फोन कट झाला की त्यांनी केला, माहीत नाही. खाटेवरून महाराज माझ्याकडं बघत होता. "काय म्हणले?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, तब्येत विचारली. त्यानं मान भिंतीकडं केली.

शेठ दवाखान्यात आमच्याबरोबर नव्हता. तो बीचवर राहिला होता. संध्याकाळी आम्ही परत गेलो तर तो गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होता. पँट ओली, हात खरचटलेले, रुमालात तुळशीचे मणी. सगळे सापडले नव्हते. उरलेले समुद्राकडं गेले. मी त्याला इतक्या वर्षांत दुकानाचं शटरसुद्धा स्वतः ओढताना पाहिलेलं नाही.

महाराजानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. डॉक्टर बाई ओरडल्या, काकूंनी पेज आणून ठेवली. "माळ गळ्यात आल्याबिगर न्हाई," एवढंच तो म्हणाला. मग काकू शेजारून तंगूस घेऊन आल्या, मासे पकडायचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. त्या आणि शेठ दिव्याखाली बसले आणि मणी ओवले. मणी कमी, म्हणून माळ आखूड झाली, गळ्याला लागून बसली. ती घातल्यावर तो पेज प्याला. मी जन्मात देवळात हात जोडले नसतील, पण त्या वेळी मी तिथून उठून बाहेर गेलो.

गावात परतलो. आता गावाला आणखी एक पुरावा मिळाला. नवी माळ. 'तिकडं काढून ठेवली, पेला, आता नवी घालून आला.' तंगूस बघून कुणाला वाटलं नाही की हा दोरा आपल्याकडं मिळतच नाही.

माघात गावचा सप्ताह असतो. त्याआधी कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर बसली. मी गेलो, शेठला घेऊन. महाराज आला नाही. मी पत्रकातल्यासारखा मुद्देसूद बोललो. चुलता ऐकत होता, बोटं चोळत होता.

"तुझं समदं बराबर," तो म्हणाला. "पर म्या शिकवलेलं पोरगं शुद्धीत असताना बुडत न्हाई. तळातून माती आणायचं ते."

"काका, विहिरीला ओहोटी असती का?"

"मला शिकवू नको. व्हिडिओत बाटली दिसतीय का न्हाई?"

मी याचीच वाट बघत होतो. पिशवीतून बाटली काढली, त्याच्या आईकडून मागून आणलेली, तळाशी थोडं सरबत शिल्लक. स्टीलच्या ग्लासात ओतलं, पाणी घातलं आणि ओट्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांपुढं धरलं. "आजोबा, चाखा आन् सांगा काय हाय."

आजोबांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आंबट हाय," म्हणाले. "बोरावाणी. चांगलं हाय, आणखी हाय का?"

लोक हसले. मी शेठकडं बघितलं. मला वाटलं, जिंकलो.

मग मागून एक पोरगा म्हणाला, "पुढारी, बाटलीवरचं नाव वाचा की मोठ्यानं."

हसणं थांबलं. चुलता उठून उभा राहिला. त्यानं बाटली हातात घेतली, काचेवरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू आवाजात बोलला. "देवाच्या पायरीवर तू ही बाटली आणली."

"आत सरबत हाय, काका. आत्ताच आजोबांनी—"

"बाटली कशाची हाय?"

संध्याकाळपर्यंत माझाही फोटो ग्रुपवर होता. हातात बाटली, मागं देवळाची कमान. 'आता मित्र देवळात बाटली घेऊन आला.' माझं सोडा, माझ्यावर याहून वाईट लिहून झालंय. पण त्या फोटोनं त्याचा पखवाज गेला.

दुसऱ्या दिवशी तो उसाला पाणी देत होता. मी बांधावर उभा राहिलो. तो पाटाची दारं मोडत राहिला, माझ्याकडं न बघता.

"तुला कुणी सांगितलं व्हतं बाटली न्यायला?"

"खरं काय ते कळायला नको का लोकांना?"

"तुला जिंकायचं व्हतं. मला जिंकायचं न्हाई. मला वाजवायचं हाय."

"मंग तू सोता का बोलत न्हाईस? मी एकटा किती वरडू?"

तो सरळ उभा राहिला. आखूड माळ गळ्याला चिकटलेली, तंगूस उन्हात चमकत होता. "ही घालून मी एकदा सांगितलं, पेलो न्हाई. एकदा सांगितलं ना? मंग ती कशासाठी घालायची, जर दुसऱ्यांदा सांगावं लागत असंल तर?"

त्या माघात जाफराबादकडून दुसरा पखवाजी आणला. चांगला वाजवतो म्हणतात. मी ऐकलं नाही. मी त्या आठवड्यात महाराजाच्या घरी होतो. भोंग्यावरून कीर्तन सगळ्या गावात ऐकू येत होतं, त्यांच्या अंगणातही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. सप्ताहाच्या दिवसांत मावशी दुपारीच कणकेचा गोळा मळून वाटीखाली झाकून ठेवायच्या, हा उठला की घेऊन जायचा. त्या दिवशीही त्यांनी सवयीनं मळून ठेवला. संध्याकाळी वाटी उचलली, थोडा वेळ गोळ्याकडं बघितलं, आणि त्याची पोळी लाटली. महाराज ती पोळी जेवला. त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, भोंग्याबरोबर, आणि एका ठिकाणी ती थांबली. "तिथं चुकला तो," तो म्हणाला. मग हात मांडीखाली घेतला.

मावशी तेव्हापासून देवळात जात नाहीत. समुद्राला निघताना पोराला जपून जा म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि बायका त्यांनाच विचारतात, 'पोराला सोडलंच कशाला?' शेठ आता गावात आला की थेट घरी येतो, ओट्याजवळ गाडी हळू करत नाही.

हे सगळं मी आज का लिहितोय ते सांगतो. दिवाळीनंतर कमिटी पुन्हा बसणार आहे, येत्या माघासाठी. मागच्या महिन्यात मी चुलत्याला गाठलं, विहिरीवर, एकट्याला, बाटलीबिटली न घेता. तो पायरीवर बसला होता.

"माझं काय वैर हाय का त्याच्याशी?" तो म्हणाला. "ह्या हातांनी शिकवलंय. तो मागं बसला न्हाई तर मला कीर्तन ऐकू येत न्हाई. पर लोकं म्हणायला पायजेत. लोकं म्हणले तर बसवतो."

"कोणती लोकं, काका?"

"लोकं. समदी."

मी खूप विचार केला, ती लोकं म्हणजे कोण. पत्रकात मी नेहमी 'जनता' लिहितो आणि पुढं जातो. इथं तसं जाता येत नाही. व्हिडिओ काढणारा एक होता. ओळ लिहिणारा एक होता. पण तो व्हिडिओ घनसावंगीतून जालन्यात, जालन्यातून जाफराबादेत पोचवणारे तुम्ही होता. तुम्ही तो तुमच्या मेहुण्याला पाठवला, भाचीला पाठवला, दुकानाच्या ग्रुपवर टाकला, हसायची चित्रं लावली, आणि चहा प्यायला गेलात. तुम्हाला वाईट करायचं नव्हतं, मी मानतो. तुम्ही फक्त एका माणसाचं आयुष्य बघून पुढं ढकललं.

तर आता फोन काढा. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो व्हिडिओ टाकला होता तो तो ग्रुप उघडा, आणि तुमच्या नावानं लिहा, 'तो प्यायलेला नव्हता. मी चुकीचं पाठवलं.' मग घनसावंगी तालुक्यात तुमचा कुणी पाव्हणा असेल तर त्याला फोन करा, आणि माघात पखवाजावर कुणाला बसवायचं ते कमिटीला सांगायला लावा. मी इथं आणखी चार पानं लिहू शकतो, पण माझ्यावर तिथं कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तो दुसऱ्यांदा बोलणार नाही. हे तुमच्याच हातून व्हायचं आहे.

लेख खाली ठेवा. आधी ते करा.